गुढीचा रंग

एकच रंग देता येईल, असं अलका म्हणाली. काळ्याच्या जोडीला अजून एक, आणि पुस्तकभर तोच. मी तेव्हा मयूर विहारच्या मेट्रो स्टेशनाचा जिना उतरत होते, मागून लोक खांद्याला खांदा घासून पुढे जात होते, आणि अलका फोनवर काहीतरी कुरुमकुरुम खात बोलत होती. अलका माझी संपादक. तिशीची आहे, नोएडात तिचं ऑफिस आहे. आईवडील अकोल्याहून रेल्वेच्या नोकरीत इथं आले आणि इथलेच झाले. ती पाचवीपर्यंत पहाडगंजच्या मराठी शाळेत होती, याचा तिला अभिमान आहे, आणि त्या अभिमानापोटी ती माझ्याशी हट्टानं मराठीत बोलते. म्हणाली, हेमाताई, जानेवारीच्या मेळ्याला पुस्तक यायचं असेल तर सोमवारी रंग फायनल पाहिजे. मला विचाराल तर लाल. बिल्कुल लाल. क्रांती, झेंडे, रणगाडे, सगळं त्यात बसतं. मी म्हणाले, लाल नाही. इतक्या पटकन म्हणाले की तिचं खाणं थांबलं. मग कोणता, असं तिनं विचारलं. मी सांगते म्हणाले आणि फोन ठेवला. उरलेल्या पायऱ्या उतरले, ई-रिक्षात बसले, आणि घर येऊन गेलं तरी बसून राहिले. रिक्षावाला म्हणाला, मॅडम, आगे कहाँ. शेवटी त्यानंच रिक्षा वळवली.

पुस्तक माझ्या लहानपणाचं आहे. दीडशे पानं, चौकटी-चौकटींची चित्रं, शब्द कमी. मी सात वर्षांची असताना बाबांची बदली काबूलला झाली आणि दहाव्या वर्षी आम्ही दिल्लीला परत आलो. मधल्या काळात त्या शहरानं एक क्रांती पाहिली आणि पुढे जे झालं त्याची सुरुवात पाहिली. लोकांना वाटतं, असलं काढताना मला त्रास होत असेल. अलकालाही वाटतं. मधूनमधून ती आवाज मऊ करून विचारते, ताई, तुम्ही ठीक आहात ना. मी ठीक असते. वीस वर्षं मी शालेय पुस्तकांसाठी चित्रं काढली: आंब्याचं झाड, पोस्टमन, स्वच्छ हात, अस्वच्छ हात. त्याच हातानं मी रणगाडा काढते. पट्ट्यांचे दात एकसारखे यायला हवेत, एवढीच काळजी असते. कागदावर माणसं जीपमध्ये बसतात आणि पुढच्या चौकटीत नसतात, आणि मी उठून चहा टाकते. आपल्या आत काहीतरी बधिर आहे हे मला फार पूर्वीपासून माहीत आहे. दातांचा डॉक्टर इंजेक्शन देतो, मग ओठ आपलाच असून आपला लागत नाही, तसं. फक्त ते उतरलंच नाही. लग्न झालं, मोडलं, बाबा गेले, मी प्रत्येक वेळी करायचं ते केलं. आई एकदा म्हणाली होती, ही माझी मुलगी रडत का नाही गं. ते तिनं मलाच विचारलं होतं.

काबूलमध्ये आम्ही कार्ते परवानला राहायचो. बाबा, म्हणजे श्रीरंग देवस्थळी, भारत सरकारच्या तिथल्या कचेरीत हिशेबाच्या कामावर होते. वर आम्ही भाड्यानं, खाली घरमालक. मालक गणिताचे शिक्षक होते, सगळा मोहल्ला त्यांना मोअल्लिम साहेब म्हणायचा, म्हणून आम्हीही. त्यांची बायको नसीमा, आमची नसीमाखाला, म्हणजे मावशी. दोन मुलं, माझ्याहून लहान. बाबा पहिल्याच दिवशी मोअल्लिम साहेबांना म्हणाले होते की आमचं पानिपत तुमच्याच अब्दालीनं केलं, आता भाडं तरी कमी करा. मोअल्लिम साहेब खूप हसले आणि भाडं कमी केलं नाही. त्यांची शिकवणी अंगणात चालायची. मुलं भिंतीला पाठ लावून ओळीनं बसायची आणि खडूचा आवाज आमच्या स्वयंपाकघरात यायचा. नसीमाखालाला सिनेमांमुळे मोडकं हिंदी यायचं, आईला बाजारापुरती तिथली दारी भाषा, आणि त्या दोघी एवढ्यावर तासन् तास बोलायच्या. काय बोलायच्या देव जाणे. बाबा म्हणायचे, एकीला दुसरीचं कळत नाही म्हणून तर मैत्री टिकली आहे.

अठ्ठ्याहत्तरच्या एप्रिलमध्ये कम्युनिस्टांची क्रांती झाली, तो गुरुवार होता. आई शंकरपाळे तळत होती. विमानं इतकी खालून गेली की कढईतलं तेल हिंदकळलं, आणि ती झारा तसाच धरून माझ्याकडे बघत राहिली. मी जेवणाच्या टेबलाखाली गेले. तिथून दिसणारे आईचे पाय, परकराची किनार, जमिनीवर सांडलेले शंकरपाळे हे सगळं मी पुस्तकात काढलं आहे, चार पानं, आणि अलका म्हणते की तीच सगळ्यात सुंदर आहेत. मला त्यांचं काही वाटत नाही. मला आठवतं ते एवढंच की मी हात लांब करून एक शंकरपाळा उचलला आणि खाल्ला, तो कच्चा होता. नंतर सगळं लाल व्हायला लागलं. झेंडा लाल झाला, दुकानांच्या दारांना लाल रंग दिला गेला, शाळेच्या फाटकालासुद्धा. माणसं कमी व्हायला लागली. आज पोस्टातला कारकून नाही, उद्या आमच्या गल्लीतला दवाखानेवाला नाही. मोठी माणसं त्याबद्दल बोलताना आवाज खाली आणायची आणि आमच्याकडे बघून थांबायची. जानेवारीपासून मोअल्लिम साहेबांच्या शिकवणीला मुलं येईनाशी झाली. तरी ते अंगणात फळा मांडून बसायचे.

एकोणऐंशीचा पाडवा मार्चच्या शेवटी होता. त्यांचा नव्या वर्षाचा नवरोज नुकताच होऊन गेला होता, किंवा झाला नव्हता असंच म्हणायला हवं, कारण कोणी घराबाहेर पडलं नव्हतं. त्याच्या आदल्या आठवड्यात पश्चिमेकडच्या हेरात शहरात बंड झालं होतं, फौजेतले लोक उलटले होते, आणि ते कसं मोडलं याच्या बातम्या बाबा रेडिओ कानाला लावून ऐकायचे. पाडव्याला सकाळी कचेरीची गाडी लवकर आली. बाबांनी कडुनिंबाची गोळी तोंडात टाकली, तोंड वाकडं केलं, आईला म्हणाले, गुढी तू उभारून घे, आणि गेले. वेळूची काठी तिथं कुठली. सफेद्याच्या झाडाची सरळ फांदी आईनं आधीच तासून ठेवली होती. साखरेच्या गाठींच्या जागी तिकडचे साखरेत घोळवलेले बदाम दोऱ्यात ओवले होते, ते ओवायचं काम माझं. तांब्या आमचाच. गच्चीवर गुढी उभी राहिली तेव्हा मी खाली अंगणात होते आणि वर बघितलं. तांब्याखाली हिरवं रेशीम. वारा होता, ते पूर्ण फुललं होतं. मला आठवतं, मला फार छान वाटलं होतं. गावात लाल सोडून दुसरा रंग मी किती दिवसांनी बघत होते.

दुपारी जीप आली. दोन माणसं कोटातली, एक शिपाई. ते सरळ गच्चीवर गेले. उलटा तांब्या बघून शिपायाला हसू आलं. आई डोक्यावर पदर घेऊन उभी होती आणि एकच वाक्य परत परत म्हणत होती, हमारा नया साल है, हमारा नया साल है, हात जोडून, तोंडावर अगदी खुळं हसू आणून. त्यांनी कापड सोडवलं, घडी केली, आणि खाली येऊन मोअल्लिम साहेबांना चला म्हणाले. घर त्यांच्या नावावर होतं. त्यांनी कोट घातला. फळा पुसला. नसीमाखाला दारात उभी होती, तिनं काहीच केलं नाही. मोअल्लिम साहेब परत आले नाहीत. आम्ही उन्हाळ्यात दिल्लीला आलो तोपर्यंत तर आले नव्हते, आणि त्या काळात नेलेली माणसं पुढेही आली नाहीत, हे आता सगळ्यांना माहीत आहे.

हे कशामुळे झालं ते मला दहा वर्षांनी कळलं. मी कॉलेजात होते, सरोजिनी नगरच्या क्वार्टरमध्ये राहायचो आम्ही, आणि टीव्हीवर रशियाची फौज पुलावरून परत जाताना दाखवत होते. आई भाजी आणायला गेली होती. बाबा टीव्हीकडेच बघत म्हणाले की त्या पाडव्याला आईनं हिरवं लावलं. हेरातला बंडवाल्यांनी हिरवे झेंडे काढले होते, आणि तिनं पंधरा दिवसांच्या आत राजधानीत गच्चीवर हिरवं फडकवलं. कचेरीतल्या दुभाष्यानं त्यांना तेव्हाच सांगितलं होतं. आम्ही परदेशी, सरकारी, आम्हाला हात लावता येत नव्हता. म्हणून ज्याला लावता येत होता त्याला नेलं. आईला बाबांनी त्या वेळी वेगळंच सांगितलं: कर्फ्यूत गच्चीवर काठी उभारायला बंदी होती म्हणून ती काढली, आणि मोअल्लिम साहेबांचं शाळेतलं काहीतरी भानगडीचं होतं. आईनं मान डोलावली. बाबा मला म्हणाले, "हेमा, हे तिला कधी कळता कामा नये. माणूस गेला आपल्या गुढीपायी, हे कळलं तर ती त्याच दिवशी मरेल." मी बरं म्हणाले. दिल्लीत आई दर पाडव्याला गुढी उभारायची, पिवळा पीतांबर लावून, एकही वर्ष चुकवलं नाही. बाबा मला डोळ्यांनी खुणावायचे: बघ, काही ठाऊक नाही तिला.

म्हणून पुस्तक मी काळ्या-पांढऱ्यात काढलं. मी कारणं वेगळी दिली होती, रेषेची ताकद वगैरे, आणि अलकाला ती पटली होती. काळ्या-पांढऱ्यात आई सुरक्षित होती. एका पानावर गुढी, दुसऱ्या पानावर जीप. मध्ये काही नाही. आई रोज माझी पानं बघते. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाल्यापासून तिला सुईत दोरा ओवता येतो, आणि ती चित्रांत चुका काढते: पडद्याला झालर होती, तुझ्या फ्रॉकला पाठीमागे बटणं होती. ते पान बघून ती म्हणाली होती की काठी इतकी सरळ नव्हती. एवढंच. मी ती वाकडी केली. आता त्या काठीवर रंग चढणार होता, आणि कोणताही रंग चढवला तरी मला उत्तर द्यावं लागणार होतं. हिरवा दिला की शाळेतलं पोरही दोन पानं जोडेल, आणि आई तर नक्कीच. शहात्तर वर्षांच्या बाईला तिच्याच मुलीनं पुस्तक छापून सांगायचं की तुझ्यामुळे एक माणूस मेला. आणि हिरवा नाही दिला तर दीडशे पानं कशाला काढली, हे मला मलाच सांगता आलं नसतं. मोअल्लिम साहेबांबद्दल एक तरी खरी गोष्ट कुठेतरी लिहिलेली असावी, एवढ्यासाठीच मी बसले होते.

बाबांनी आईला सांभाळलं ते असं. पण सांभाळता सांभाळता ते तिला हसायचेही. साडीच्या दुकानात गेलं की दुकानदारासमोर म्हणायचे, हिला रंगातलं काही कळत नाही, मी निवडतो. पडदे त्यांनी निवडले, सोफ्याचं कापड त्यांनी निवडलं, भिंतींचा रंग त्यांनी निवडला. आई बाजूला पर्स धरून उभी राहायची. आईच्या खुळेपणाच्या गोष्टी हा आमच्याकडे पाहुण्यांपुढे ठेवायचा पदार्थ होता, आणि त्यातली सगळ्यात मागणी असलेली गोष्ट चौऱ्याऐंशीच्या नोव्हेंबरमधली. वरच्या मजल्यावरचं सरदारजींचं कुटुंब आमच्या स्वयंपाकघरात बसलं होतं, पाचजण, दार बंद करून. खालून वीसतीस माणसं आली, हातात सळया. आई कणकेच्या हातांनी जिन्यात गेली आणि त्यांना म्हणाली, भैया, सिलिंडर लाए हो क्या, चार दिन से गैस नहीं है. तिनं त्यांच्यापुढे गॅसच्या नंबराचं असं काही रडगाणं लावलं की त्यांच्यातलाच एकजण म्हणाला, चलो यार, यहाँ कुछ नहीं है. बाबा हे सांगताना शेवटी हात पसरून म्हणायचे, हिला कळलंच नाही हो कोण आलंय ते! पाहुणे डोळे पुसेपर्यंत हसायचे. आई पोह्यांवर खोबरं घालत असायची. मीही हसायचे. पुस्तकात मी तिला तशीच काढली आहे, गोल चेहरा, भुवया वर गेलेल्या, तोंड किंचित उघडं. वाचकाला जरा दम खायला कोणीतरी विनोदी माणूस लागतं.

शनिवारी मी काहीच केलं नाही. बाहेर धुकं आणि धूर मिसळून आलेला तो नोव्हेंबरचा पांढरा अंधार होता, खिडक्या बंद, यमुनेच्या बाजूचं काही दिसत नव्हतं. रविवारी सकाळी मला उपाय सुचला, आणि इतका सोपा की मला स्वतःचंच नवल वाटलं. पिवळा. आईचा पीतांबर पिवळाच, दिल्लीतल्या सगळ्या गुढ्या पिवळ्या. काबूलच्या गुढीलाही पिवळा दिला तर खोटं म्हणणारं होतं कोण? बाबा नव्हते. शंकरपाळे पिवळे, खडूची एक कांडी पिवळी, संध्याकाळचा दिवा पिवळा. अलकाही खूश झाली असती, वॉर्म दिसतंय म्हणाली असती. मी त्या पानाची एक प्रत काढली आणि शाळेच्या पुस्तकांसाठी वापरते त्या साध्या जलरंगानं गुढीचं कापड पिवळं केलं. चांगलं दिसलं. मनात कुठं काही टोचतं का म्हणून मी जरा वेळ थांबले. काही टोचलं नाही. रंग वाळायला म्हणून पान जेवणाच्या टेबलावर ठेवलं आणि अंघोळीला गेले.

बाहेर आले तेव्हा आई टेबलाशी बसून मटार सोलत होती आणि पान तिच्यासमोर होतं. तिनं चष्मा लावला होता, म्हणजे नीट बघितलं होतं. मी म्हणाले, ते ओलं आहे, हात लावू नकोस. ती म्हणाली, नाही लावत. दोन शेंगा सोलल्या. मग म्हणाली, "पिवळी नव्हती."

मी केस पुसत होते. मी म्हणाले, असं ना तसं, एकच रंग देता येतो, अलकाचं म्हणणं आहे. ती म्हणाली, "असू दे. पण पिवळी नव्हती ती. हिरवी होती. आणि ते कापड माझं नव्हतं."

मी बसले. त्यानंतर तिनं जे सांगितलं ते मटार सोलता सोलताच सांगितलं, न थांबता, मी मध्ये काही विचारायला गेले की हातानं थांब म्हणायची. बाबा गाडीत बसून गेले आणि नसीमाखाला वर आली. तिचा धाकटा भाऊ हेरातच्या छावणीत शिपाई होता. बंड मोडल्यावर त्याचं काय झालं ते कुणी सांगत नव्हतं. नवरोजला त्यांच्यात दर्ग्यावर मोठी काठी उभी करतात, आपल्या गुढीसारखीच, आणि तिला कापड वाहून लोक नवस बोलतात. ते नसीमाखालानं आईला पहिल्याच वर्षी सांगितलं होतं, तेव्हा दोघींना केवढी मौज वाटली होती. या वर्षी दर्ग्यावर जायची सोय नव्हती. तिनं भावासाठी हिरवं रेशीम आणून ठेवलं होतं आणि ते घेऊन ती आमच्या स्वयंपाकघरात उभी राहिली. तुझी काठी आहे ना आज, म्हणाली. माझं कापड बांध. देव ओळखेल.

"ती रडत नव्हती गं," आई म्हणाली. "रडली असती तर जवळ घेतलं असतं, समजूत काढली असती. ती नुसती कापड पुढे धरून उभी होती."

मी म्हणाले, तुला हिरव्याचा अर्थ ठाऊक नव्हता. मी ते विचारलं नाही, सांगितलं, जसं आमच्या तिघांच्या घरात तीस-पस्तीस वर्षं एकमेकांना सांगत आलो होतो. आईनं माझ्याकडे बघितलं, आणि मला वाटतं तेवढ्या वर्षांत पहिल्यांदा मी तिचा चेहरा भुवया खाली असलेला बघितला. म्हणाली, रेडिओ काय तुझ्या बाबांना एकट्यांना ऐकू यायचा? हेरातला हिरवे झेंडे निघाले हे तिनं पोळ्या लाटताना ऐकलं होतं. काय होऊ शकतं ते तिला पुरतं ठाऊक होतं. तिनं हिशेब केला होता: आपण हिंदुस्थानी, आपला सण, विचारलंच तर वेडं व्हायचं. वेडी बाई बघून माणसं परत जातात. घर कोणाच्या नावावर आहे हे तिच्या हिशेबात आलं नाही. ते म्हणताना तिनं एक शेंग उघडली, त्यात अळी होती, ती बाजूला ठेवली. संध्याकाळी बाबा आले आणि कर्फ्यूचं, शाळेचं काहीतरी सांगायला लागले तेव्हा तिला कळलं की हे आपल्याला खोटं सांगताहेत, आणि बरं वाटलं, कारण मग खरं कोणाचं कापड ते त्यांना सांगायला नको. सांगितलं असतं तर ते कचेरीत बोलले असते, कचेरीत दुभाषी होता, आणि दुसऱ्या दिवशी जीप नसीमाखालासाठी आली असती. दोन पोरं उघडी पडली असती.

"मग इथं आल्यावर का नाही सांगितलंस? बाबांना तरी?"

"कशाला? ते मला जपत होते," आई म्हणाली. "त्यांना तेवढंच बरं वाटत होतं."

मी विचारलं की नसीमाखाला पुढे काही बोलली का. आई म्हणाली, नाही. एकाच घरात होतो, चार महिने, खालीवर, पण ती समोर आली की दुसरीकडे बघायची. निघायच्या दिवशी मुलं फाटकापर्यंत आली, ती आली नाही. "राग होता तिला माझा. असणारच. ती त्या दिवशी भानावर नव्हती, हेमा. भावापायी वेडी झाली होती. मी होते भानावर. नाही म्हणायचं काम माझं होतं, आणि मी नाही म्हणाले नाही." मग तिनं सालं कागदावर गोळा केली, कागद दुमडला, आणि माझ्यापुढचं पान स्वतःकडे ओढलं. "हिरवा दे. त्या माणसाच्या बाबतीत खोटा रंग नको. पण बाईला काही ठाऊक नव्हतं, असंच ठेव. ती दोन मुलं असतील कुठंतरी. तुझं पुस्तक कुणाच्या ना कुणाच्या हाती लागेल. बाप गेला तो आईच्या कापडानं गेला, हे त्यांना आपल्याकडून कळायला नको. वरची हिंदू बाई मूर्ख होती, एवढं पुरे आहे."

मी म्हणाले, सगळे तुला हसतील. ती उठत होती, टेबलाला हात लावून, गुडघे सांभाळत. म्हणाली, तुम्ही नव्हता का हसत?

ती स्वयंपाकघरात गेली आणि मटार उकडायला घातले. मी तिथंच बसले होते. मला काहीतरी व्हायला हवं होतं, मोठं काहीतरी, आणि मी वाट बघत होते. फक्त डोळ्यांपुढे ती स्वयंपाकघराच्या दारात, सरदारजींच्या मुलांच्या तोंडावर बोट ठेवून, हाताला मुद्दाम कणीक लावताना दिसत होती. लावली असेल मुद्दाम. ते मी कधी बघितलं नव्हतं. मी माझ्या टेबलावर गेले आणि तिचा चेहरा पुन्हा काढायला घेतला. भुवया खाली आणल्या, तोंड मिटवलं. अर्ध्या तासात कागदावर एक बाई आली, तिला सगळं ठाऊक होतं, आणि ती माझी आई होती यात शंका नव्हती. मी तो कागद फाडला. मग आधीचाच चेहरा घेतला, गोल, भुवया वर, आणि खाली चौकटीत माझ्या अक्षरात एक ओळ लिहिली, आधी तिथं काही नव्हतं: आईला त्या रंगाचा अर्थ ठाऊक नव्हता. अक्षर नेहमीसारखं सरळ आलं.

सोमवारी नोएडाला गेले. अलकाच्या टेबलावर बिस्किटांचा पुडा, दोन मोबाईल, आमचं पुस्तक. हिरवा, असं मी म्हणाले, तर तिनं नाक मुरडलं, हिरव्यानं काय होणार, पुस्तकात झाडंसुद्धा नाहीत. मी तिला सांगितलं की पूर्ण पुस्तकात तो एकदाच येईल. तिला ते समजेना, मग मी पानं पुढे ठेवली. ती एकेक पान उलटत गेली, काळं-पांढरं, काळं-पांढरं, टेबलाखालची मुलगी, फळा, अंगण. गुढीचं पान आलं. तिनं पुढचं पान उलटलं, जीप बघितली, परत मागे आली. ओळ वाचली. तिचा हात तोंडावर गेला. ओ माय गॉड, म्हणाली, आणि तिचे डोळे खरोखर भरून आले. मोअल्लिम साहेबांसाठी कोणीतरी एवढं तरी केलं, असं मला वाटलं. मग तिनं डोळे पुसले आणि आईच्या चित्राकडे बघितलं, त्या वर गेलेल्या भुवया, ते उघडं तोंड, आणि तिला हसू फुटलं. वाईट हसू नव्हतं ते. त्या चित्रावर हसू यावं म्हणूनच मी ते तसं काढलं होतं.

"सॉरी हं," ती म्हणाली, "पण कसली भोळी ना तुमची आई. यार, काहीच कळलं नाही तिला."

मला राग आला. इतका राग आला की तिच्या टेबलावरचं सगळं उलथून टाकावं, ती पानं तिच्या हातातून ओढून घ्यावीत, ओरडावं, असं वाटलं. मानेपासून कानांपर्यंत सगळं गरम झालं, हात थरथरायला लागले, आणि ते थरथरताहेत हे मला कळत होतं, ते माझेच होते. मी ते मांडीवर दाबून धरले.

"हो," मी म्हणाले. "आईला रंगातलं काही कळत नाही."